चोर सोडून संन्याशाला

शाळामास्तराच्या तोंडी 'कॉपी' हा शब्द आला की तो शिवीसारखाच येतो. गेली वीस-एक वर्षे दर मार्चमध्ये मी पर्यवेक्षक म्हणून बाकांच्या रांगांतून येरझारा घालतो आहे. कंपासपेटीच्या झाकणाखालून, बुटाच्या तळव्यातून, पाण्याच्या बाटलीवरच्या कागदाआडून निघालेल्या चिठ्ठ्यांचा जर मी संग्रह केला असता, तर आज त्याचे एक लहानसे प्रदर्शन भरवता आले असते. अशा माणसाने ह्या दिवाळीत 'कॉपी'ची बाजू घेऊन लिहावे, ह्याचे माझे मलाच नवल वाटते. पण त्याचे असे झाले.

ह्या वर्षी गणपतीआधी घराला रंग काढायचा ठरला आणि माळा रिकामा करताना एक पुठ्ठ्याचे खोके हाती लागले. त्यात कॉम्प्युटरच्या एका खेळाची सीडी होती. २००४ साली माझा थकलेला पगार एकदम हाती आला, तेव्हा मी आणि धाकट्या भावाने बाराशे रुपये मोजून ती घेतली होती. रस्त्यावर पन्नास रुपयांना तोच खेळ मिळत होता. पण मास्तराच्या घरात चोरीची वस्तू नको, ह्या माझ्या हट्टापायी आम्ही खोके, पुस्तिका आणि पावती ह्यांसह रीतसर खरेदी केली. गावे वसवायची, शेते लावायची, शेजाऱ्याशी लढाया करायच्या, असा तो खेळ. दोन उन्हाळे आम्ही त्यात घालवले. धाकटा आता कॅनडात असतो. सहा वर्षांनी तो ह्या दिवाळीला घरी येतो आहे, आणि फोनवर त्याने पहिला प्रश्न आईच्या गुडघ्यांविषयी व दुसरा ह्या खेळाविषयी विचारला: "दादा, आहे का रे अजून?"

आहे की! खोके आहे, सीडीवर ओरखडा नाही, पावतीदेखील आहे. आताच्या कॉम्प्युटरला सीडी घालायची खाचच नसते, म्हणून भाच्याने बाहेरून जोडायचे एक यंत्र आणले. सीडी फिरू लागली, आणि पडद्यावर सूचना उमटली: मूळ सीडी घाला. मूळ सीडी तर आतच होती! आम्ही ती काढली, पुसली, पुन्हा घातली. तीच सूचना. चौथ्या खेपेस भाचा म्हणाला, "मामा, ह्याचे कुलूप जुने झाले आहे, नव्या कॉम्प्युटरला ते उघडता येत नाही. कुलूप काढलेला खेळ मिळतो, पाच मिनिटांचे काम आहे."

"म्हणजे कॉपी?" मी माझ्या मार्चमधल्या आवाजात विचारले.

"पण मामा, खेळ आपण विकत घेतलाय ना?"

ह्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. मास्तराला उत्तर आले नाही की तो पुस्तके उघडतो. मीही उघडली, आणि ह्या कुलुपांचा इतिहास इतका गमतीचा आणि इतका अन्यायाचा निघाला की तो तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही.

भांडणाचा आरंभ १९७६ साली झाला. अमेरिकेत त्या काळी हौशी मंडळी घरच्या घरी 'अल्टेअर' नावाचे लहानसे कॉम्प्युटर जुळवीत असत. त्यासाठी 'बेसिक' नावाची भाषा एका वीस वर्षांच्या पोराने आपल्या मित्रांसह तयार करून विकायला काढली. ती भाषा भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर मिळे. आणि पट्टीवरून पट्टी काढणे फार सोपे. एकाने घ्यायची आणि मंडळातल्या साऱ्यांनी वाटून खायची, असा प्रकार सुरू झाला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ह्या पोराने हौशी मंडळींना एक जाहीर पत्र लिहिले. तुमच्यांतले बहुतेक जण चोरी करता, वापरणाऱ्यांत विकत घेणारे दहा टक्केही नाहीत, मग चांगले काम कोणी कशासाठी करावे, असा त्याचा सूर होता. पोराचे नाव बिल गेट्स. पत्र उद्धट होते, पण खोटे नव्हते. आपण ही बाजूही ध्यानात ठेवू.

पुढे कागदी पट्टी गेली आणि कॅसेट आली, फ्लॉपी आली. खेळ विकणाऱ्यांच्या लक्षात आले की पत्रे लिहून भागणार नाही, कुलूप घातले पाहिजे. फ्लॉपीवर मुद्दाम एखादी जागा नासवून ठेवायची. खेळ सुरू होताना ती नासकी जागा शोधायचा आणि ती सापडली तरच पुढे जायचा. साधी नक्कल करणारे यंत्र नासकी जागा उतरवून घेऊ शकत नसे. पण १९८१च्या सुमारास 'लॉकस्मिथ' नावाचा कार्यक्रम बाजारात आला. नावाप्रमाणेच तो कुलपे ओळखून, नासक्या जागेसकट, हुबेहूब नक्कल काढू लागला. मग अधिक अवघड कुलूप, मग अधिक हुशार किल्लीवाला. ही शर्यत आजतागायत चालू आहे.

ह्या शर्यतीत जी अजब कुलपे निघाली, त्यांच्यावर एखादा विनोदी लेखकच हात चालवू जाणे. १९८४ साली इंग्लंडात 'जेट सेट विली' नावाचा खेळ निघाला. त्याच्या कॅसेटबरोबर रंगीत चौकटींचे एक कार्ड येई आणि पडद्यावर विचारीत, अमुक घरातले रंग सांगा. रंगीत झेरॉक्स तेव्हा महाग, म्हणून ही युक्ती. ज्याला तांबडा-हिरवा ओळखता येत नाही अशा गिऱ्हाइकाने काय करावे, हे कार्डावर छापलेले नव्हते. 'सिमसिटी' ह्या १९८९च्या खेळात गर्द तांबड्या कागदावर काळ्या अक्षरांत खुणांची यादी छापली होती. झेरॉक्स काढली तर निव्वळ काळा कागद निघावा हा हेतू. पण रात्री दिव्याखाली मूळ कागद वाचतानाही डोळे फुटायची पाळी येई. 'मंकी आयलंड' ह्या १९९०च्या खेळात पुठ्ठ्याच्या दोन चकत्या एकीवर एक बसवलेल्या असत. त्या फिरवून चाच्याचे कपाळ आणि हनुवटी पडद्यावरच्या चेहऱ्याप्रमाणे जुळवायची आणि खिडकीतून दिसणारे साल टंकायचे. हे कुलूप निदान गमतीचे होते. पोरे ते खेळ म्हणूनच फिरवीत.

पण सर्वांवर ताण केली 'लेन्सलॉक'ने. प्लास्टिकच्या घडीच्या चौकटीत उभ्या भिंगांची एक पट्टी. पडद्यावर दोन अक्षरे चिरफाळून दाखवायची. गिऱ्हाइकाने ती चौकट टीव्हीला लावून, एक डोळा मिटून, त्यातून अक्षरे वाचायची. टीव्ही फार मोठा असला तर वाचता येत नसे, फार लहान असला तरी येत नसे. तीनदा चुकलात की खेळ पुन्हा आरंभापासून कॅसेटवरून चढवा. १९८५ साली 'एलीट' ह्या नामांकित खेळाबरोबर स्पेक्ट्रम कॉम्प्युटरसाठी ही भिंगे दिली गेली, तेव्हा काही खोक्यांत भलत्याच खेळाची भिंगे भरली गेली! पैसे मोजणारा गिऱ्हाईक एक डोळा मिटून टीव्हीला नाक लावून बसला आहे, आणि ज्याने चोरून नक्कल घेतली त्याच्या नकलेतले कुलूप कुणीतरी आधीच काढून टाकलेले असल्यामुळे तो सुखाने खेळतो आहे: ह्या एका चित्रात सारा इतिहास आला.

आता कायद्याकडे वळू.

फ्लॉपी ही नाशिवंत वस्तू. चुंबकाजवळ ठेवली, उन्हात राहिली, पोराने चावली की संपली. तेव्हा ज्याने पैसे दिले त्याने एक जादा प्रत जपून ठेवावी की नाही? अमेरिकेच्या काँग्रेसने १९८० साली कायद्यात दुरुस्ती करून सांगितले, ठेवावी. कॉम्प्युटरच्या कार्यक्रमाची प्रत ज्याच्या मालकीची आहे त्याला संग्रहासाठी दुसरी प्रत करण्याचा हक्क आहे. फक्त मूळ प्रत दुसऱ्याला दिली तर जादा प्रत स्वतःपाशी ठेवता येणार नाही. न्याय सरळ होता. पण हक्क सांगणे वेगळे आणि तो बजावता येणे वेगळे. कुलूप घातलेल्या फ्लॉपीची प्रत काढायची कशी?

१९८३ साली शिकागोच्या न्यायालयात 'अटारी' कंपनीने एका विक्रेत्यावर दावा लावला. अटारीचे खेळ प्लास्टिकच्या जाड डबीत येत आणि हा विक्रेता त्या डबीची प्रत काढणारे यंत्र विकी. तो म्हणाला, जादा प्रत ठेवण्याचा हक्क गिऱ्हाइकाला कायद्यानेच दिला आहे. न्यायालय म्हणाले, तो हक्क विजेच्या वा यंत्राच्या दोषाने पुसल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी. ही डबी मजबूत आहे, तिला तो लागू नाही. विक्रेता हरला.

पाचच वर्षांनी, १९८८ साली, दुसऱ्या एका न्यायालयात चक्र उलटे फिरले. 'व्हॉल्ट' नावाची कंपनी कुलपे बनवी. तिच्या फ्लॉपीवर बोटाच्या ठशासारखी एक खूण असे. कॅनडातल्या 'क्वेड' नावाच्या कंपनीने ते कुलूप चुकवून प्रत काढणारा कार्यक्रम विकायला काढला. शिवाय लुइझियाना राज्याने तर असा कायदाच केला होता की विक्रेत्याने खोक्यावर 'प्रत काढू नये' असे छापले की गिऱ्हाइकाचा हक्क संपला. वरिष्ठ न्यायालयाने तो राज्याचा कायदा ह्या बाबतीत मोडीत काढला आणि सांगितले की जादा प्रतीचा हक्क कोणत्याही प्रकारच्या नाशापासून संरक्षणासाठी आहे. आणि ज्या साधनाचा असा कायदेशीर उपयोग आहे ते साधन विकणे गुन्हा नव्हे. किल्लीवाल्याचे दुकान म्हणजे चोराचा अड्डा नव्हे, हे न्यायालयाच्या तोंडून निघालेले शहाणपण होते.

तिसरा खटला मला फार आवडतो. 'गेम जिनी' नावाचे एक साधन १९९०च्या सुमारास निघाले. निन्टेन्डो कंपनीच्या यंत्रात खेळाची डबी घालण्याआधी ते मध्ये बसवायचे आणि मग तीन जिवांऐवजी नऊ जीव घ्या, उंच उडी घ्या, हवे ते करा. कंपनी चिडली, आमच्या खेळात फेरफार करणारे तुम्ही कोण, म्हणून कोर्टात गेली आणि विक्री थांबवून बसली. १९९१ साली न्यायालयाने निकाल दिला की विकत घेतलेला खेळ घरी बसून हवा तसा खेळण्यात गिऱ्हाइकाचा काही गुन्हा नाही. १९९२ साली वरच्या न्यायालयानेही ते मान्य केले, आणि विक्री थांबवल्याची भरपाई म्हणून दीड कोटी डॉलर कंपनीकडून वसूल झाले. सापशिडीचे फासे घरी कसे टाकावेत हे फासे विकणाऱ्याने ठरवायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

येथवर पारडे गिऱ्हाइकाकडे झुकत होते. १९९८ साली ते एकदम उलटे झाले. त्या वर्षी अमेरिकेत 'डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट' आला आणि कुलूप हीच कायद्याने पूज्य वस्तू ठरली. कुलूप चुकवणारी साधने बनवणे व विकणे गुन्हा. मग आतली वस्तू तुमच्या मालकीची असो की नसो. जादा प्रतीचा १९८०चा हक्क पुस्तकात तसाच राहिला. म्हणजे पोहायला परवानगी, पण पाण्यात उतरायचे नाही! '३२१ स्टुडिओज' ह्या कंपनीने चित्रपटांच्या व खेळांच्या तबकड्यांची जादा प्रत काढणारे कार्यक्रम विकले. २००४च्या फेब्रुवारीत चित्रपटांच्या बाबतीत न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला, जूनमध्ये खेळांच्या कंपन्यांनी दावा लावला आणि ऑगस्टमध्ये तिने दुकान बंद केले. दर तीन वर्षांनी थोडेफार अपवाद करण्याचा अधिकार तिकडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रमुखाला आहे. त्याने २००३ साली, ज्यांची यंत्रे कालबाह्य झाली अशा जुन्या खेळांना सूट दिली. पण साधने विकण्याची बंदी त्यालाही उठवता येत नाही.

ह्यानंतर कुलूपवाल्यांना आवर राहिला नाही. 'स्पोअर' हा खेळ २००८ साली आला, तेव्हा विकत घेणाऱ्याने तो तीनच वेळा कॉम्प्युटरवर चढवावा असा नियम होता. गिऱ्हाइकांनी इतकी झोड उठवली की तीनाचे पाच करावे लागले. आणि खेळ दुकानात येण्याआधीच कुलूप काढलेली प्रत जगभर फिरत होती. २०१३ साली नवा 'सिमसिटी' निघाला. त्याला सतत इंटरनेट लागे. पहिल्याच आठवड्यात कंपनीची यंत्रे गर्दीने कोलमडली आणि पैसे भरून बसलेले लोक दारात ताटकळत राहिले. वर्षभराने त्याच खेळाला इंटरनेटवाचून चालण्याची सोय झाली. जे अशक्य म्हणून सांगितले होते ते शक्यच होते.

आणि आता आमच्या माळ्यावरच्या सीडीसारख्या सीड्यांची कथा. २००० सालाच्या आगेमागे हजारो सीड्यांवर 'सेफडिस्क'सारखी कुलपे होती. ती उघडण्यासाठी कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात एक पहारेकरी बसवावा लागे. हा पहारेकरीच घरफोड्यांना वाट देऊ शकतो, असे पुढे ध्यानात आले. म्हणून २०१५ साली विंडोज १० आले तेव्हा त्यात त्याला जागा मिळाली नाही, आणि त्याच वर्षी जुन्या विंडोजमधूनही त्याला रजा दिली गेली. निर्णय योग्यच होता. पण पहारेकरी गेला आणि कुलूप राहिले. किल्ली कुणापाशीच नाही. एका दिवसात असंख्य प्रामाणिक गिऱ्हाइकांच्या सीड्या मुक्या झाल्या. चोरीच्या प्रती मात्र चालूच राहिल्या, कारण त्यांना कुलूपच नव्हते.

हल्ली तर सीडीही राहिली नाही. 'द क्रू' हा २०१४चा मोटारींचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने यंत्रे बंद करून संपवला, आणि विकत घेणाऱ्यांच्या हाती काही उरले नाही. त्यावरून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. जुलै २०२५पर्यंत तिला दहा लाखांवर सह्या मिळाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून असा कायदा आहे की जी वस्तू पुढे काढून घेता येते ती विकताना, हा केवळ परवाना आहे, असे स्पष्ट सांगावे. अमेरिकेतल्या एका संस्थेने २०२३ साली मोजदाद केली, तेव्हा २०१०पूर्वी तिकडे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असे आढळले. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत कुलूपबंद होत्या, म्हणून आपल्या भाषेचे आद्य गद्य कित्येक शतके बाहेरच्यांना वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्यांनी किल्ली शोधली तेव्हा ते उजेडात आले. त्या पोथ्या निदान पंथाच्या लोकांनी भक्तीने सांभाळल्या होत्या. ह्या खेळांना कोण सांभाळणार?

ह्यावर कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही चोरांचे वकीलपत्र घेतलेत. नाही हो! मी चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांतल्या एकीची चोरून केलेली नक्कल पालकांच्या मोबाइलवरच्या गटातून मलाच आली. खाली एका गृहस्थांनी 'सुंदर पुस्तक, सर्वांनी लाभ घ्यावा' असे लिहिले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. बिल गेट्सचे पत्र मला तेव्हा पटले. पण म्हणून माझी कादंबरी विकत घेणाऱ्याने ती तीनदाच वाचावी, किंवा वाचताना माझ्या घरी फोन लावून परवानगी घ्यावी, असे मी म्हणू का?

चोरीला दुसरा उपाय आहे आणि तो पोलंडात सापडला. १९९४पर्यंत तिथे ह्या बाबतीत धड कायदाही नव्हता. वॉर्सातल्या एका जुन्या क्रीडांगणावर चोरीच्या प्रतींचा उघड बाजार भरे. त्याच साली दोन तरुणांनी 'सीडी प्रोजेक्ट' ही कंपनी काढली. १९९९ साली त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा खेळ आणला तो आपल्या भाषेत, नामांकित नटांच्या आवाजात, नकाशा आणि संगीताची सीडी घालून, देखण्या खोक्यात. बाजारात स्वस्त चोरीचा माल असूनही लोकांनी रांगा लावून तो घेतला. पुढे २००८ साली त्यांनीच जुने खेळ कुलूप न लावता विकण्याचे दुकान काढले, ते आजही चालू आहे. गिऱ्हाइकाला चोर न समजताही धंदा होतो.

राहता राहिला आपला कायदा. अमेरिकेत ज्याला 'फेअर यूज', म्हणजे न्याय्य वापर, म्हणतात तो मोघम आहे. प्रत्येक वेळी न्यायाधीशाने तोलायचा. आपला १९५७चा कायदा ह्या बाबतीत अधिक नेमका निघाला. त्याचे ५२वे कलम सांगते की ज्याच्यापाशी कार्यक्रमाची प्रत रीतसर आहे त्याने नाशापासून संरक्षणासाठी जादा प्रत करणे हा भंग नव्हे. आणि १९९९च्या दुरुस्तीने भर घातली की स्वतःच्या रीतसर प्रतीवरून, स्वतःच्या वापरासाठी, धंद्यासाठी नव्हे, प्रत किंवा फेरफार करणेही भंग नव्हे. २०१२ साली कुलपांविषयीचे कलम आले, ६५-अ. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. पण ज्या कामाला कायद्याने स्पष्ट मनाई नाही त्यासाठी कुलूप उघडले तर अडकाव नाही. फक्त एक अट: दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करणाराने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि सारा तपशील लिहून ठेवला पाहिजे.

मी वकील नव्हे. पण हे कलम वाचून मला हायसे वाटले. बाजारातल्या किल्लीवाल्यालाही आपण हेच सांगू: किल्ली बनव, पण वहीत नोंद कर.

जाता जाता एक आठवण. एका वर्षी वरून हुकूम आला म्हणून परीक्षेच्या दारात आम्ही सगळ्या मुलांची झडती घेतली. नेहमी पहिली येणारी एक मुलगी त्या झडतीने इतकी बावरली की पहिला अर्धा तास तिच्या हातून अक्षर उमटेना. ज्यांच्यासाठी झडती होती त्यांतल्या एका गड्याने उत्तरे बाहीखाली दंडावर लिहून आणली होती आणि तो आमच्या समोरून हसत आत गेला. त्या मुलीची मी पुढे क्षमा मागितली. पण तिचे दहा गुण मला परत देता आले नाहीत.

भाच्याला मी परवानगी दिली. अट एकच घातली: कुणा परक्याने कुलूप काढून दिलेला खेळ घ्यायचा नाही, जे करायचे ते आपल्याच सीडीवरून, माझ्यासमोर. पाच मिनिटांचे काम दोन रविवार चालले. शेवटी पडद्यावर ते ओळखीचे हिरवे रान आले आणि मेंढ्या ओरडल्या, तेव्हा आई स्वयंपाकघरातून "कुणाची मेंढरं शिरली रे?" म्हणत बाहेर आली.

मग मी शंभर पानी वही काढली. भाच्याने पहिल्या पानावर माझे नाव, पत्ता, सीडी घेतल्याची तारीख आणि पावतीचा क्रमांक लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिले, 'धाकटे मामा येणार आहेत'. मी खाली सही केली. धाकटा वसुबारसेला पोचतो आहे.